कानामागचं मशीन, माझी पेटी आणि नाशिकची थंडी

मी दोन्ही कानांना मागे बसणारी, ऐकू येण्यासाठीची डिजिटल मशिनं लावते. उजव्यावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पंचवटीतल्या आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, गातेही. त्यामुळे माझं काम नुसत्या गप्पा आणि टीव्ही ऐकू येण्यावर भागत नाही, सूर नेमका यावा लागतो. त्यापायी मी या यंत्रात एवढी खोल शिरले की आता ओळखीत कुणाला मशीन घ्यायचं असलं की फोन मला येतो. फोनवर जे सांगते ते इथे नीट लिहून ठेवते.

आधी माझं मत. मशीन चांगलं आहे, मी समाधानी आहे. पण मला पुन्हा ऐकू यायला लागलं ते कंपनीमुळे कमी, आणि कानात बसणारा साचा, त्याला जोडणारी बोटभर नळी आणि सेटिंग करणाऱ्या मॅडम यांच्यामुळे जास्त. म्हणून कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा तेवढंच लक्षात ठेवून दुकानात जाईल आणि साच्याबद्दल एक शब्द विचारणार नाही. नामांकित कंपन्यांची मधल्या किमतीतली मशिनं सगळी बऱ्यापैकी असतात, त्यात फार डोकं शिणवू नका.

माझे कान कसे गेले ते थोडक्यात. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजीवाली ‘साठ’ म्हणाली की मला ‘आठ’ ऐकू यायचं. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक आवाजाची, उंच पट्टीतली, आणि वयानुसार आधी तीच पट्टी जाते. आ, ओ, ऊ जाड आवाजाचे, ते टिकून राहतात. म्हणून समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आणि घरातली माणसं म्हणतात, ‘ऐकू येतं हो त्यांना, लक्ष नसतं.’ ज्यांच्या घरी हे वाक्य रोज होतं त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, लक्षाचा दोष काढण्याआधी कान तपासून घ्या.

तपासणी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. कधी नुसता मळ असतो, कधी पडद्याला छिद्र असतं, आणि त्यावर मशीन हा उपाय नव्हे. एका कानाचं ऐकू येणं एकाएकी, दिवसा-दोन दिवसांत गेलं तर मशीनचा विषयच काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर औषध असतं, पण ते वेळेत सुरू व्हावं लागतं.

मग बंद खोलीतली चाचणी. हेडफोन लावून बसवतात, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत एकेक पट्टी तपासतात, आणि कानामागच्या हाडावर एक कंपन देणारं उपकरण टेकवून दोष बाहेरच्या कानाचा की आतल्या नसेचा हेही पाहतात. त्याचा जो आलेख निघतो तो ऑडिओग्राम. उजव्या कानाची रेघ लाल गोलांची, डाव्याची निळ्या फुल्यांची. माझी रेघ खालच्या पट्टीत जवळपास ठीक आणि २००० हर्ट्‌झच्या पुढे उतारावर लागलेली, ६०-६५ डेसिबलपर्यंत. साधं बोलणंच ६० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे बारीक अक्षरं माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. हा कागद जपून ठेवा आणि त्याच्याशिवाय कुणी मशीन विकायला लागलं तर उठून या.

हे एवढ्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. शहरातल्या ज्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तिथे बंद खोली नव्हतीच. टेबलावर एक मशीन ठेवून मला आठ चॅनेल, सोळा चॅनेल, बत्तीस चॅनेल (म्हणजे मशीन आवाजाचे जितके भाग करून वेगवेगळे हाताळतं ते) यांचे भाव ऐकवण्यात आले. कानात तयार रबरी टोपी बसवली आणि ‘होईल सवय’ म्हणून पाठवणी केली. मान वळवली की शिट्टी, हसले की शिट्टी, घास चावताना तर शिट्टीच शिट्टी. परत गेले तर आवाज कमी करून दिला. शिट्टी गेली आणि ऐकू येणंही गेलं. ते मशीन त्यांनी परत घेतलं, पण कापून घेतलेले पैसे गेले ते गेले. आमच्या मंडळातल्या एका ताईंनी असंच मशीन घेऊन कपाटात ठेवलंय, आणि ‘मशीनने काही होत नाही’ असं त्या दहाजणींना सांगतात. त्यांचं चुकत नाही, त्यांना मिळालंच तसं.

नंतर कॅनडा कॉर्नरच्या बाजूला असलेल्या केंद्रात गेले. इथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या मॅडम रीतसर शिकलेल्या, भिंतीवर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं, म्हणजे अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी परिषदेचं नोंदणीपत्र लावलेलं. तुम्ही जिथे जाल तिथे ते बघा, दिसलं नाही तर विचारा. त्यांनी सगळ्यात आधी मला विचारलं, ‘काकू, दिवसभर काय काय ऐकायचं असतं तुम्हाला?’ पेटी म्हटल्यावर त्यांनी वहीत वेगळी नोंद केली. तिथेच मला बरं वाटलं.

कानामागचंच मशीन का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण सगळ्यांना न दिसणारं हवं असतं. माझी बोटं सकाळी आखडतात. कानात जाणाऱ्या त्या वाटाण्याएवढ्या यंत्राचा सेल बदलणं मला जमलंच नसतं. कानामागच्याला पकडायला जागा आहे, बटण चाचपून सापडतं. दुसरं असं की यात माईक आणि आवाज काढणारा भाग दोन्ही कानामागच्या कवचात असतात, कानाच्या भोकात फक्त साचा. मळ आणि घाम नाजूक भागापर्यंत सहजी पोचत नाही. बारीक तारेच्या टोकाला आवाजाचा भाग थेट कानात बसतो असाही एक प्रकार मिळतो. दिसायला नाजूक, आवाजही छान, पण ज्यांच्या कानात मळ फार होतो त्यांना त्याची जाळी सारखी बदलावी लागते. आणि दिसण्याचं म्हणाल, तर माझी मशिनं करड्या केसांत मिसळून जातात. दिसली तरी मला काही वाटत नाही. चश्मा दिसतोच की.

आता साचा. कानाच्या आतला आकार प्रत्येकाचा वेगळा, डाव्या-उजव्याचाही वेगळा. मॅडमनी बॅटरी लावून आत बघितलं, मळ नाही याची खात्री केली, दोरा बांधलेला छोटा स्पंज आत सरकवला, पडद्याला धोका नको म्हणून. मग पिचकारीने गुलाबी लगदा भरला. गार गार लागतं आणि त्या कानाने जग बंद होतं. लगदा घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं असेल असं मला वाटलं होतं, तर त्या म्हणाल्या, ‘तोंड उघडझाप करा, चावल्यासारखं करा, जमलं तर एक ओळ म्हणा.’ जबडा हलला की कानाच्या भोकाचा आकार बदलतो. तोंड मिटून घेतलेल्या मापाचा साचा बोलताना सैल पडतो, फटीतून आवाज बाहेर येतो, तो माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी होते. पहिल्या दुकानातल्या शिट्टीचं सगळं कारण या दोन वाक्यांत होतं. मी तिथे खुर्चीवर बसून ‘रूप पाहता लोचनी’ म्हटलं.

साचे आठवडाभराने आले. मऊ सिलिकॉनचे घेतले. घट्ट बसले, शिट्टी बंद, पण माझाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला लागला. खर्जात गायलं की डोकं भणभणे. भोक पूर्ण बंद झालं की आपला आवाज हाडांतून आत येतो आणि बाहेर जायला वाट मिळत नाही. यावर उपाय साच्यातच असतो, हवेसाठी आरपार बारीक छिद्र. छिद्र मोठं केलं की घुमणं कमी होतं पण शिट्टीची शक्यता वाढते, लहान ठेवलं की उलटं. मॅडमनी थोडं थोडं मोठं करून, दर वेळी मला बोलायला आणि गायला लावून ते ठरवलं. हे काम संगणकावर होत नाही. साचा घेताना छिद्राबद्दल जरूर विचारा. ज्यांचा खालच्या पट्टीतला कान चांगला आहे त्यांना याचा फार फरक पडतो.

सेटिंगच्या वेळी साच्याबरोबर एक केसासारखी नळी कानात घालून पडद्याजवळ आवाज प्रत्यक्षात किती पोचतोय तेही मोजलं. पहिल्या दिवशी पूर्ण जोर दिला नाही. ‘घरातच लावा, हळूहळू वेळ वाढवा,’ असं सांगितलं आणि ते खरं ठरलं. सुरुवातीला पेपरची घडी उलगडली तरी कागद फाटतोय असं वाटे, स्टीलची ताटं लावताना अंगावर काटा येई. फोडणीत मोहरी तडतडते हे मी विसरूनच गेले होते. मेंदूला या आवाजांची ओळख परत पटायला काही आठवडे जातात. चार दिवसांत वैतागून काढून ठेवू नका. आणि दोन्ही कान कमी असतील तर दोन्हीला लावा. आवाज कुठून आला ते एका कानाने कळत नाही, आणि रस्ता ओलांडताना ते कळावं लागतं.

आता पेटीचं सांगते. हे कुठल्याच माहितीपत्रकात मला सापडलं नाही.

मशीन लावून पहिल्यांदा पेटीवर काळी चारचा षड्ज धरला आणि सूर थरथरला. धरून ठेवलेल्या सुरामागे एक दुसरा, किंचित बेसूर सूर ऐकू यायला लागला. भात्याचा जोर बदलून पाहिला, सुराची पट्टी साफ केली, शेजारच्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पेटी छान वाजतेय. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला तर त्याचंही तेच. मला रडू यायचं बाकी राहिलं.

मॅडमनी कारण सांगितलं. डिजिटल मशीन शिट्टी दाबण्यासाठी सतत लक्ष ठेवून असतं. एकसारखा, लांब, स्थिर सूर आला की त्याला ती शिट्टीच वाटते, आणि तो खोडायला ते उलटा आवाज सोडतं. बोलण्यात असे लांब सूर नसतात, म्हणून तिथे बिघडत नाही. पेटी, बासरी, तानपुरा हे तर लांब सुरावरच उभे. शिवाय गोंगाट कमी करणारी यंत्रणा तानपुऱ्याला पंख्याच्या घरघरीत जमा करून खाली दाबते. त्यांनी माझ्यासाठी संगीताचा वेगळा प्रोग्राम केला. त्यात गोंगाट दाबणं बंद, शिट्टी खोडणं अगदी मंद, हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज लहान करण्याची ओढाताण कमी. बटण दाबलं की दोनदा टिकटिक होते, मी संगीतात गेले. साचा घट्ट बसतो म्हणूनच शिट्टीविरोधी यंत्रणा मंद करता आली. साचा सैल असता तर हा प्रोग्राम चाललाच नसता.

फरक पडला. पूर्वीसारखं नाही, पण सूर एकच येतो आणि तो खरा येतो. झांजा आणि टाळ मात्र अजून बोचतात, म्हणून आमच्यात बसायची रचना बदलली. टाळकरी माझ्या मागे, पखवाज डावीकडे. मंडळाने कुरकूर न करता हे केलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गाणारे-वाजवणारे कुणी मशीन घेणार असतील तर आपलं वाद्य केंद्रावर घेऊन जा. मी पेटी रिक्षात घालून नेली होती.

ढोलाचंही विचारतात, नाशिक आहे म्हटल्यावर. मशीनमधून किती मोठा आवाज बाहेर पडू द्यायचा याची वरची मर्यादा सेटिंगमध्ये बांधून देतात. ती बांधून घेतली आहे का ते विचारा, कारण कमी ऐकणाऱ्या माणसालाही मोठा आवाज तितकाच टोचतो. पण ढोल थेट कानावरही आदळतोच, मर्यादा बांधली म्हणजे कानाचं संरक्षण झालं असं नाही. वाकडी बारवेपासून निघणारी विसर्जनाची मिरवणूक मी मशीन डबीत ठेवून, लांब ओट्यावरून बघते. रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाच्या वाटेला जायचं असेल तर मशीन घरीच.

देखभाल रोजची आहे, आणि ती टाळून चालत नाही. रात्री मशीन काढलं की आधी कोरड्या मऊ कापडाने पुसते. माईकची भोकं खाली धरून छोट्या ब्रशने झटकते, खाली धरून, म्हणजे धूळ आत न जाता बाहेर पडते. सेलचं झाकण उघडं ठेवते, आतली ओल निघून जाते. मग दोन्ही मशिनं सिलिका जेलच्या डबीत. माझ्या डबीतले मणी नारिंगी आहेत, ओल पिऊन ते हिरवे होतात. हिरवे झाले की स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून परत नारिंगी करून घेते. पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागतं, उन्हाळ्यात क्वचित.

साचा धुण्याचं आठवड्याला. नळीसकट साचा मशीनच्या आकड्यापासून (कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकापासून) ओढून वेगळा करायचा. नळी आकड्याजवळ चिमटीत धरायची, साच्याला धरून खेचायचं नाही. मशीन पाण्यापासून लांब ठेवायचं. साचा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, बोटांनी चोळून. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नाही, साचा कडक होतो. मग रबरी फुग्याने नळीतून हवा मारायची. नळी उजेडात धरली की आतला पाण्याचा थेंब दिसतो, मोत्यासारखा नव्हे, नुसती एक चमकती आडवी रेघ असते. तेवढी रेघ आवाज बंद करायला पुरते. ती जाईपर्यंत फुगा दाबायचा आणि साचा रात्रभर रुमालावर ठेवायचा. सकाळी जोडताना लाल लालला, निळा निळ्याला, आणि साच्याचं वळण मशीनच्या वळणाशी जुळलंय ना ते बघून.

मशीन एकाएकी बंद पडलं की लोक दुरुस्तीला धावतात. त्याआधी एवढं बघा. सेल नवा घाला. नळीत पाणी आहे का बघा. साच्याचं भोक मळाने बुजलंय का बघा. माझं मशीन ‘बंद’ पडण्याचं कारण बहुतेक वेळा नळीतलं पाणीच होतं, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये आणि मे महिन्याच्या घामाच्या दिवसांत.

नळी ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात दुर्लक्षित. नवी असते तेव्हा मऊ, पारदर्शक. काही महिन्यांत पिवळी, ताठ होते, वाकते तिथे चिरा पडतात, साचा ओढला जातो आणि शिट्टी परत सुरू. आवाज एवढा हळूहळू कमी होतो की आपल्याला मशीन जुनं झाल्यासारखं वाटतं. तीन ते सहा महिन्यांनी नळी बदलून घ्यायची. मॅडमच्या हाताखालचा मुलगा तारेचा फासा घालून नवी नळी साच्यातून ओढतो आणि माझ्या कानावर ठेवून लांबी कापतो. लांबी कानावरच बघायला लावा. आखूड झाली तर साचा उपसतो, लांब झाली तर मशीन कानावरून उडतं.

माझ्या मशीनला १३ नंबरचा सेल लागतो, नारिंगी चिकटपट्टीचा. रंगावरून ओळखायचं, ३१२ ची तपकिरी, १० ची पिवळी, ६७५ ची निळी. हे सेल हवेवर चालतात. पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. पट्टी काढून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवा, मग घाला, पूर्ण ताकद येते. एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा तो उतरत जातो, पट्टी परत चिकटवून फारसा उपयोग नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, पर्समध्ये सुट्या नाण्यांबरोबर टाकू नका. मला एक सेल साधारण दहा-बारा दिवस पुरतो. आणि घरात लहान मूल असेल तर वापरलेला सेलही उंचावर ठेवा. मुलाने गिळला तर वाट बघत बसू नका, थेट दवाखाना.

चार्जिंगची मशिनं मिळतात, बोटं फारच आखडत असतील त्यांना ती सोयीची. मी सेलचीच घेतली, कारण पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला आम्ही त्र्यंबकेश्वरला जातो तेव्हा रात्री चार्जर लावायला जागा मिळेलच असं नाही. सेलचं पाकीट पिशवीत टाकलं की झालं.

त्या यात्रेतच थंडीचा धडा मिळतो. कडाक्याच्या गारठ्यात हे सेल लवकर मान टाकतात, त्यात हवा कोरडी असली तर आणखीच. खिशात आतल्या बाजूला जास्तीचे दोन ठेवावेत. आणि कानटोपी! लोकर माईकवर घासते तो खरखराट असह्य होतो, आणि टोपीने कान झाकला की आवाज तिथेच परतून शिट्टी होते. माझ्या सुनेने मला सैल विणीची, कानावर पोकळ राहणारी टोपी विणून दिली. ‘आई, मान हलवा बघू, वाजतंय का?’ असं विचारत तिने दोनदा उसवली. आता डिसेंबर-जानेवारीत सकाळी पंचवटीच्या देवळांकडे जाताना तीच घालते. मफलर घट्ट आवळणाऱ्यांना हा त्रास होणारच, त्यांनी तो कानाखालून घ्यावा.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. आधी मशीन, मग चश्मा. मास्कचा दोरा काढताना एक हात मशीनवर. खोबरेल, पावडर, केसांचा रंग हे सगळं मशीन काढून. फोन कानाच्या भोकाशी धरायचा नाही, थोडा वर, माईकजवळ धरायचा. एमआरआयच्या खोलीत मशीन न्यायचं नाही.

उणिवाही आहेत. मंगल कार्यालयात बँड, माईक आणि दोनशे माणसं एकदम बोलत असली की मला काही कळत नाही, आणि कुठल्याही मशीनने ते पूर्ण सुटेल असं मला वाटत नाही. समोरचा दोन हातांवर असेल तर मशीन उत्तम काम करतं, हॉलच्या टोकाशी असेल तर नाही. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला मी लवकर जाऊन पुढे बसते, वक्त्याचे ओठ दिसतील अशी. मागे बसले की आवाज विस्कटून येतो. स्कूटरवर मागे बसलं की वारा माईकमध्ये नुसता घोंघावतो. केंद्राच्या सेवेबद्दल एकच तक्रार, दिवाळीच्या सुमाराला साचा बाहेरगावहून यायला फार उशीर झाला आणि तो कधी येईल हे कुणी धड सांगितलं नाही. तेवढे दिवस एका कानावर काढले.

पैशांचं. माझ्या जोडीला साठ हजारांच्या आसपास पडले, साचे वेगळे. ऐकण्याच्या यंत्रावर जीएसटी नाही, बिल तपासून घ्या. ज्यांना परवडत नाही त्यांनी चौकशी करावी अशा योजना आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना त्यात यंत्र मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना अशा साधनांसाठी ३००० रुपये देण्याची तरतूद झाली, त्यात श्रवणयंत्रही येतं. ३००० मध्ये चांगलं मशीन येणार नाही हे उघड आहे, पण साच्याचा किंवा सेलचा खर्च निघतो. ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळणारी मशिनं मात्र घेऊ नका. ती सगळ्याच पट्ट्या सारख्या वाढवतात. ज्याचा खालच्या पट्टीतला कान चांगला आहे त्याच्या कानावर नुसता गोंगाट येतो आणि ‘साठ’चा ‘स’ तसाच हरवलेला राहतो.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार, साच्याला आणि मॅडमना पाच. सध्या डाव्या कानाचा साचा थोडा सैल वाटायला लागलाय, वरचा सा लावताना बारीक शिट्टी ऐकू येते. कानाचा आकार वयाप्रमाणे बदलतो, साचे काही वर्षांनी नवे करावेच लागतात. या वेळी कडक ॲक्रिलिकचा करून बघणार आहे. सिलिकॉन आत बसवताना माझ्या बोटांना जोर लागतो, ॲक्रिलिक सहज सरकतो आणि त्याची नळीही सोपी बदलते. गाताना तो कितपत घट्ट राहतो, ते साचा आल्यावर पेटीवर बसून बघेन आणि इथेच खाली लिहीन.